खिशातल्या घडीच्या चाकूची धार: कोन ठरवण्यापासून चामड्यावरच्या शेवटच्या हातापर्यंत

माझ्या खिशात बारा वर्षांपासून एकच घडीचा चाकू आहे. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबर, कार्बन स्टीलचा, लाकडी मूठ, साडेआठ सेंटिमीटरचे पाते. पार्सलचा टेप, सुतळी, ट्रेकला कांदा-काकडी, मे महिन्यात आंबे, सगळे यानेच. पहिल्या वर्षी धार गेली तेव्हा तो मी चाकावर धार लावून देणाऱ्या एका कारागिराकडे दिला. रोजच्या सुऱ्या-कात्र्या धरतात तसाच त्यांनी तो कोरड्या चाकावर धरला. दोन मिनिटांत कागद कापू लागला, पण टोकाजवळ निळसर डाग उमटला. पोलादावर असा निळा रंग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. पात्याला पाणी दिल्यावर कारखान्यात जे टेम्परिंग करतात (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवतात), ते साधारण २०० अंशांच्या घरातले असते. म्हणजे टोकाचे पाणी उतरले होते, तिथले पोलाद मऊ पडले होते. त्यानंतर तेवढ्या भागाची धार आठवडाभरसुद्धा टिकेना. तो निळा भाग घासून जायला दोन वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात मी हाताने धार लावायला शिकलो.

शिकताना सगळ्यात जास्त वेळ मी चुकीच्या प्रश्नावर घालवला. १५ अंश की २० अंश, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर पुढे देतोच, पण आधी एक सांगतो. घरी लावलेली धार बसत नाही तेव्हा बहुतेक वेळा आकडा चुकलेला नसतो. दगडावर पाते फिरवताना प्रत्येक हाताला कोन वेगळा पडलेला असतो, किंवा धारेवरची बर (घासताना पलीकडे वळणारी पोलादाची बारीक कड) पूर्ण उठलेली नसते, किंवा उठलेली बर पूर्ण निघालेली नसते. या तीन गोष्टी हाताला समजल्या की कुठल्याही दगडावर, कुठल्याही चाकूला धार येते.

आधी चाकूकडे नीट बघा

घडीच्या चाकूत पाते उघडे राहण्याची सोय वेगवेगळी असते. व्हिक्टोरिनॉक्सच्या बहुतेक छोट्या चाकूंत नुसती पाठीची स्प्रिंग असते, कुलूप नसते. जोर लावला की पाते मिटते. ओपिनेलला १९५५ पासून फिरणारी कडी आहे. बाकीच्या अनेक चाकूंत मुठीच्या आतली पट्टी सरकून पात्यामागे बसते. धार लावताना पात्यावर बोटांचा दाब असतो, म्हणून कुलूप असेल तर ते लावलेलेच हवे. बिनकुलपाचा चाकू दगडावर धरताना दाब नेहमी उघडण्याच्या दिशेने राहील असा धरा. सुरुवातीच्या सगळ्या कापण्या माझ्या इथेच झाल्या.

पोलाद कोणते आहे हेही माहीत करून घ्या, कारण दगड त्यावर ठरतो. व्हिक्टोरिनॉक्सचे पाते साधारण ५६ रॉकवेलचे (रॉकवेल हे कठीणपणाचे माप, आकडा जास्त तितके पोलाद कठीण). ते लवकर बोथट होते आणि तितक्याच लवकर धारेवर येते. साध्या दगडावर दहा मिनिटांचे काम. ओपिनेलचे कार्बन स्टील माझ्या हाताला तर सगळ्यांत सोपे, पण कोकणात किंवा पावसाळ्यात ते एका रात्रीत गंजते. हल्ली लोक आवडीने घेतात ते डी२ पोलादाचे चाकू ६० रॉकवेलच्या आसपास असतात. त्यात १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असले तरी बरेचसे कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत) अडकलेले असते, म्हणून डी२ पूर्ण स्टेनलेस नाही. एस३०व्हीसारख्या पोलादात ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्याचे कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण असतात, त्यामुळे तिथे हिऱ्याची प्लेट वापरावी.

कायद्याचे दोन शब्द. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावरच बंदी येऊ शकते. सणासुदीला, निवडणुकीत असे आदेश निघतात, त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. विमानाने जाताना तो चेक-इन सामानात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे सबळ कारणाशिवाय फक्त ३ इंचांपर्यंतच्या धारेचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू बाळगता येतो. कडीवाला ओपिनेल त्यात बसत नाही. खटक्याच्या चाकूच्या वाटेला कुठेही जाऊ नका.

कोन म्हणजे नेमके काय

पाते उभे कापून बघितले अशी कल्पना करा. मधोमध एक उभी रेषा, आणि खाली दोन्ही बाजूंचे उतार येऊन मिळतात ती धार. मधल्या रेषेपासून एका बाजूच्या उतारापर्यंतचा कोन म्हणजे 'एका बाजूचा' कोन. दोन्ही मिळून होतो तो एकूण कोन. गोंधळ इथेच होतो. स्पायडर्कोच्या शार्पमेकर या साधनावर ३० आणि ४० असे आकडे आहेत, ते एकूण कोनाचे. म्हणजे एका बाजूला १५ आणि २०. कोणी '३० अंशांनी धार लावली' म्हणाले तर एका बाजूचे की दोन्ही मिळून, हे आधी विचारा. या लेखात मी सगळीकडे एका बाजूचाच कोन सांगतो आहे.

रोज खिशात राहणाऱ्या चाकूला मी १७ ते २० अंश ठेवतो. फक्त फळे-भाजी आणि कागद कापणार असाल, पोलाद चांगले असेल, तर १५ झकास चालते. टोमॅटोत पाते आपल्या वजनाने उतरते. पण १५ अंशांची धार केबल टायवर, जाड खोक्याच्या पिनेवर किंवा आंब्याच्या कोयीवर आपटली की मऊ पोलादात वळते आणि कठीण पोलादात तिचे टवके उडतात. काटक्या तासणे, बांबू चिरणे असे काम असेल तर २२ ते २५. व्हिक्टोरिनॉक्सला २० अंश ठेवा. त्याचे पोलाद त्याहून बारीक धार फार दिवस सांभाळत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चाकू किती सहज कापतो हे कोनाइतकेच धारेच्या अगदी मागे पाते किती जाड आहे यावर असते. धारेची पट्टी, म्हणजे दगडाने घासलेला तिरपा भाग, जिथे संपते तिथे जाडी ०.५ मिलिमीटर असेल, तर २० अंशाला ती पट्टी साधारण ०.७ मिलिमीटर रुंद दिसते. जाडी ०.८ असेल तर तीच पट्टी १.२ मिलिमीटरच्या जवळ जाते. तुमच्या चाकूवरची चकचकीत पट्टी दीड मिलिमीटरची असेल, तर कितीही धार लावा, गाजर चिरताना तो पाचर मारल्यासारखा फोडेल. दरवर्षीच्या घासण्याने धार वर वर सरकते आणि हळूहळू जाड भागात येते. म्हणून कमीत कमी पोलाद काढणे हीच चाकूची खरी काळजी.

पुठ्ठ्याची पाचर

कोन मोजायला विकतचे साधन लागत नाही. जाड पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापा. उभी बाजू २० मिलिमीटर ठेवा. आडवी बाजू ५५ ठेवली तर टोकाचा कोन २० अंशांचा होतो, ६५ ठेवली तर १७ अंशांचा, ७५ ठेवली तर १५ अंशांचा. तीन त्रिकोण कापून त्यांवर आकडे लिहून ठेवा. दगडावर हा त्रिकोण उभा धरायचा, चाकूचे पाते त्याच्या उतारावर टेकवायचे आणि मनगटाला ती उंची ओळखू द्यायची. नंतर त्रिकोण बाजूला. दर दहा-बारा हातांनंतर पुन्हा एकदा टेकवून बघायचे.

दुसरा मार्ग पाठीच्या उंचीचा. पाते २० मिलिमीटर रुंद असेल, तर २० अंशाला पाठीचा मध्य दगडापासून ६.८ मिलिमीटर वर येतो आणि १५ अंशाला ५.२ मिलिमीटर. नाणी एकावर एक रचून, पट्टीने मोजून तेवढी उंची करा आणि त्यावर पाठ टेकवून बघा. इथे एक बारकावा आहे: नाण्यावर पाठीचा मध्य टेकत नाही, खालची कड टेकते. पाते ३ मिलिमीटर जाड असेल तर नाण्यांची चळत साधारण दीड मिलिमीटर कमी ठेवावी लागते. हे विसरलात तर २० च्या जागी जवळजवळ २५ अंशांची धार लागेल.

दगड आणि इतर सामान

हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुतर्फी दगड मिळतो, एक बाजू भरड आणि एक बारीक. साध्या पोलादाला सुरुवात करायला तो पुरेसा आहे. एकच पथ्य: त्यावर पाणी वापरायचे की तेल, हे पहिल्या दिवशी ठरवा. तेल प्यायलेला दगड नंतर पाणी घेत नाही. मी पाणीच वापरतो, धुवायला सोपे.

आज नवीन घेणाऱ्याला मी हिऱ्याची दुतर्फी प्लेट घ्यायला सांगेन, ४०० आणि १००० ग्रिटची (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक). ती झिजून खळगी होत नाही, सगळ्या पोलादांना चालते. नवीन प्लेट पहिल्या काही वेळा फार ओरबाडते. वर आलेले कण निघून गेले की नीट लागते. हिऱ्यावर दाब देऊ नका, कण उपटून निघतात.

एवढेही नको असेल तर रंगकाम करणारे वापरतात तो वॉटर पेपर आणा: ४००, ८००, १५०० नंबरचा. काचेच्या सपाट तुकड्यावर पाण्याने चिकटवा. यावर पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचे, धार मागे राहील असे. उलटे नेले तर कागद फाटतो. शिकायला यासारखे स्वस्त आणि सपाट दुसरे काही नाही.

खाचेतून ओढायची जी छोटी यंत्रे मिळतात ती मी वापरत नाही. ती धार घासत नाहीत, खरवडतात. त्यांचा कोन तुमच्या चाकूला जुळेलच असे नाही आणि टाचेजवळ (मुठीकडच्या टोकाला) पाते खोल खाऊन टाकतात.

याशिवाय काळा मार्कर, जुना चामडी पट्टा, लाकडाची फळी, वर्तमानपत्र आणि उजेडाचा दिवा. चामडे फळीवर खडबडीत बाजू वर ठेवून चिकटवा आणि त्यावर हिरवे क्रोमियम ऑक्साइडचे पॉलिश चोळा.

प्रत्यक्ष काम

आधी चाकू साबणाने धुवा, बिजागरीतला कचरा काढा, कोरडा करा. मग दिव्याखाली धार वर करून धरा. चांगली धार दिसत नाही, काळी रेघ असते. जिथे प्रकाश चमकतो तिथे ती बोथट आहे. चमकणाऱ्या जागा लक्षात ठेवा, काम तिथे जास्त आहे.

दोन्ही बाजूंच्या पट्टीवर मार्कर फिरवा. पाचरीने कोन घ्या आणि बारीक बाजूवर दोनच हलके हात मारा. आता शाई बघा. पट्टीच्या वरच्या कडेची शाई गेली आणि धारेजवळची राहिली, तर तुमचा कोन कमी आहे. धारेजवळचीच गेली, तर कोन जास्त आहे. सगळी गेली तर जुना कोन सापडला. कारखान्याचा कोन आवडत असेल तर तोच धरा, आकड्याचा विचारही करू नका. कोन कमी करायचा असेल तर पाठ खाली घ्या. मग वरची कड घासत घासत धारेपर्यंत यायला वेळ लागतो. डी२चा चाकू २२ वरून १७ वर आणायला मला ४०० च्या प्लेटवर सव्वा तास लागला होता. मधे थांबलो असतो तर चाकू आधीपेक्षा वाईट झाला असता, कारण नवा उतार धारेला भिडलाच नसता.

धार फारच गेली असेल तर भरड बाजूने सुरुवात, नाहीतर सरळ बारीक बाजू. मूठ एका हातात, दुसऱ्या हाताची दोन बोटे पात्यावर, धारेच्या जवळ पण धारेच्या मागे. आधी एकच बाजू घ्या. टाचेपासून टोकाकडे जाताना पाते दगडावरून तिरके सरकवा. खांदा-कोपरातून हालचाल करा, मनगट बांधल्यासारखे ठेवा. कोन बिघडतो तो मनगटात.

पोटाचा, म्हणजे टोकाआधी धार वळते तिथला, गोलावा आला की लोक मनगट वळवतात, आणि टोक गोल होते. तिथे मूठ किंचित वर उचलायची असते. गोलावा दगडाला ज्या बिंदूत टेकतो तिथली धार तुमच्या हालचालीच्या दिशेला काटकोनात राहिली पाहिजे, एवढेच बघा. आणि दगडाच्या कडेवरून टोक खाली घसरू देऊ नका. टोक दगडावर असतानाच हात थांबवा.

दहा हातांनंतर दुसऱ्या बाजूवर बोट फिरवून बघा, पाठीकडून धारेबाहेर, कधीही धारेच्या लांबीने नाही. बारीक खरखरीत कड लागली तर ती बर. माझे वडील टर्नर होते, लेथवरच्या जॉबवर येते तिला ते बर म्हणत. इथेही तेच घडते. घासलेल्या बाजूचे पोलाद धारेच्या टोकाला पोचले आणि पलीकडे वळले. बर म्हणजे या बाजूचे काम पूर्ण झाल्याची खूण. ती टाचेपासून टोकापर्यंत अखंड लागली पाहिजे. बहुतेकांची मधे येते आणि टोकाला व टाचेला राहते. तेवढ्याच भागावर अजून हात मारा. कापसाचा बोळा धारेवरून बाहेर ओढला तर जिथे बर आहे तिथे तंतू अडकतात. बोटाला खात्री नसेल तर कापसाला विचारा.

मग दुसरी बाजू, तितक्याच कोनाने, बर उलटून पहिल्या बाजूला येईपर्यंत. पलटल्यावर हात बदलला की कोन बदलतो, म्हणून इथे पाचर पुन्हा टेकवा. उजव्या हाताच्या माणसाची एक पट्टी रुंद आणि दुसरी अरुंद होते, ती याचमुळे.

दाबाबद्दल मला खूप दिवस अंदाज नव्हता. शेवटी स्वयंपाकघरातला वजनकाटा दगडाखाली ठेवला. भरड बाजूला अर्ध्या किलोच्या आत, बारीक बाजूला दोनशे-अडीचशे ग्रॅम, आणि शेवटचे हात शंभर ग्रॅमच्याही खाली. एकदा काट्यावर करून बघा. आपण किती दाबत होतो याचे आश्चर्य वाटते.

दोन्ही बाजूंना बर येऊन गेली की बारीक बाजूवर या. आता आधी पाच-पाच, मग तीन-तीन, मग एक हात इकडे एक हात तिकडे, प्रत्येक वेळी दाब कमी करत. भरड दगडाचे ओरखडे पुसले गेले का ते दिव्याखाली बघा.

बर काढणे

सगळे नीट करूनही चाकू पहिले चार दिवस छान कापतो आणि मग एकदम बोथट होतो, अशी तक्रार मी खूप ऐकतो. ती धार नव्हतीच, ती उभी राहिलेली बर होती. कागद तीही कापते, पहिल्या दोऱ्याला मात्र वाकते किंवा तुटते.

काढायची पद्धत अशी. बारीक दगडावर कोन तीन-चार अंशांनी वाढवा आणि धार पुढे ठेवून, पाते दगडावरून साय काढावी तसे, एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने एक हात. दाब फक्त चाकूच्या वजनाचा. असे तीन-चार जोड्या हात झाले की बोटाने दोन्ही बाजू तपासा. कुठेही अडकत नसेल तर चामड्याकडे जा. तिथे धार मागे ठेवून ओढायचे, दोन्ही बाजूंना दहा-दहा हात. प्रत्येक हाताच्या शेवटी पाते वर उचलताना वळवू नका, आधी थांबा आणि मग उचला. नाहीतर इतक्या मेहनतीने आणलेली धार शेवटच्या क्षणी गोल होते. मऊ स्टेनलेसची बर चिवट असते, इकडून तिकडे नुसती वळत राहते. तिला चामड्याने हटवायचा प्रयत्न करू नका, पुन्हा बारीक दगडावर वाढीव कोनाचे दोन हात मारा.

तो वाढीव कोन मुद्दाम ठेवला तर त्याचा फायदाही होतो. पाते १५ अंशांवर घासायचे आणि शेवटचे काही हात २० अंशांवर द्यायचे. धारेच्या टोकाला केसाएवढी दुसरी पट्टी येते. कापायला पाते १५ चे बारीक राहते आणि मार खायला २० चे मजबूत. पुढच्या खेपेला फक्त ती केसाएवढी पट्टी ताजी करायची, पाच मिनिटांत. माझ्या ओपिनेलला तीन वर्षांपासून मी हेच करतो.

तपासणी आणि रोजची निगा

वर्तमानपत्राचा कागद एका हाताने धरून टाचेपासून टोकापर्यंत एका ओढीत कापा. जिथे कागद फाटतो किंवा अडतो, तिथे बर किंवा बोथट जागा आहे. मग टोमॅटो: साल न दाबता, नुसते पाते ओढून चिरले पाहिजे. शेवटी सुतळी, वीस-पंचवीस तुकडे. त्यानंतरही कागद कापत असेल तर बर खरोखर निघाली आहे. हातावरचे केस काढून धार दाखवू नका. बर असलेला चाकूसुद्धा केस काढतो.

रोजच्या वापरात आठवड्यातून एकदा चामड्यावर दहा हात पुरतात. ते पुरेनासे झाले की बारीक दगड. प्रवासात काही नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची कड चार-पाच हातांना उत्तम. धार खूपच गेल्याशिवाय भरड दगडाला हात लावू नका.

कार्बन स्टीलवर कैरी-लिंबू कापल्यावर लगेच पाते पुसा. करडा-निळा रंग चढतो तो चढू द्या, तो पोलादाला थोडे सांभाळतोच. तांबूस ठिपका दिसला तर मात्र तो गंज, लगेच घासून काढा. पात्याला खोबरेल तेलाचे बोट फिरवा, आणि खूप दिवस ठेवून देणार असाल तर ते चिकट होण्याआधी पुसून पुन्हा लावा. बिजागरीला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. ओपिनेलची लाकडी मूठ पावसात फुगते आणि पाते उघडत नाही. तेव्हा नखाने ओढत बसू नका, मुठीची मागची बाजू टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पाते थोडे बाहेर येते आणि मग बोटांनी धरून उघडता येते.